मणी पोहोचेपर्यंत

माझ्या भाच्याला घरात सगळे खारू म्हणतात. लहानपणी त्याचे पुढचे दोन दात थेट खारीसारखे होते आणि खिशात कायम काहीतरी कुरतडायला असे. आता तो चांगला उंचपुरा बाप्या झालाय, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत, पण नाव काही सुटलेलं नाही. तो मोबाइलची ॲप तयार करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करतो. तिथे त्याचं काम काय, तर स्क्रीनवर जे जे हलतं ते हलवायचं.

हे काम मला समजायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगते. आपण फोनवरच्या बटणावर बोट ठेवतो तेव्हा ते किंचित दबल्यासारखं दिसतं. एखादी यादी खाली ओढली की ती ताणते आणि सोडली की जागेवर जाऊन बसते. हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की सुरुवातीला किती हळू, मध्ये किती जोरात आणि थांबताना किती अलगद. असल्या बऱ्याचशा गोष्टी तयार मिळतात, दुकानात तयार सदरे मिळतात तशा. पण एखाद्याचा खांदा वाकडा असला की त्याला शिंप्याकडेच जावं लागतं. खारू हा त्या ऑफिसातला शिंपी. जे तयार मिळत नाही ते तो मापाने शिवून देतो.

मी स्वतः आयुष्यभर अगदी लहान मुलांना शिकवलं. पेन्सिल धरायची कशी, डबा उघडायचा कसा, दहापर्यंत मोजायचं कसं, एवढंच. एक वर्ष खारू माझ्याच वर्गात होता. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, त्याला बजावून पाठवलं होतं की घरी मावशी म्हण, पण शाळेत बाई म्हणायचं. त्या पोराच्या डोक्यात दोन्हीची गाठ बसली आणि पहिल्याच दिवशी त्याने भर वर्गात मला ‘बाईमावशी’ अशी हाक मारली. दुपारपर्यंत अख्खा वर्ग मला बाईमावशी म्हणायला लागला. पुढे मोठ्या वर्गांतली मुलंही म्हणत. मुख्याध्यापकांनी दोन वेळा तक्रार केली आणि मग एकदा चुकून तेही म्हणाले.

तर गेल्या वर्षी खारूच्या ऑफिसने लहान मुलांना मोजायला शिकवणारं ॲप करायला घेतलं. ऑफिसच्या प्रमुख मॅडम सरळ विचाराच्या. त्यांचं म्हणणं असं की आकड्यांची रंगीत बटणं करू. बटणं तयार आहेत, चालतात, मोडत नाहीत. खारू म्हणाला, मुलांना आकडे नकोत, मणी द्या. तारेत ओवलेले, बोटाने सरकवायचे. मॅडमनी त्याला विचारलं की असे मणी तयार मिळतात का. नाही मिळत, म्हणून तर मी आहे, असं तो म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी अट घातली. जवळच्या एका बालशाळेत मुलांपुढे मणी ठेवायचे. मुलं रमली आणि मोजायला लागली तर मणी राहतील. नाहीतर बटणं.

खारूने हे मला सांगितलं तेव्हा मी त्याला विचारलं, एवढा हट्ट का? बटणांत वाईट काय आहे? तो म्हणाला, “मावशी, आपल्या वर्गातली चौकट आठवते?”

आठवते म्हणजे काय! वर्गाच्या कोपऱ्यात खिडकीखाली मण्यांची लाकडी चौकट होती. दहा तारा, प्रत्येक तारेत दहा मणी, निम्मे लाल, निम्मे निळे. माझ्याही आधीच्या बाईंच्या काळातली. मुलांच्या हातांनी मणी इतके गुळगुळीत झाले होते की लालाचा गुलाबी झाला होता. मणी ढकलला की तो आपल्या वजनाने पुढे जाई, तारेवर बारीक खरखर करी आणि शेजाऱ्याला लागला की ‘टक्’ करून जरासा मागे येई. पुढे शाळेची इमारत नवी झाली. सामान इकडून तिकडे गेलं आणि त्यात चौकट कुठे गेली कुणालाच सांगता आलं नाही. मी विचारून विचारून थकले. तिचा एक फोटोसुद्धा नाही. वर्गाच्या फोटोत सगळे ओळीने उभे असतात आणि चौकट नेमकी कुणाच्या तरी पाठीमागे जाते.

खारूला ती चौकट परत हवी होती. लाकडाची नव्हे, तिचं ते सरकणं. काचेवर बोट फिरवलं की तोच मणी तसाच जायला हवा. जगात ती चाल ओळखणारी त्याच्या माहितीची दोनच माणसं होती, एक तो आणि दुसरी मी. म्हणून त्याने मला ऑफिसात बोलावलं.

त्यांचं ऑफिस कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर आहे. दिवसभर खालून वाफेचा ऊबदार वास येतो आणि सगळ्या माणसांना नुकतीच इस्त्री झाल्यासारखं वाटतं. खिडकीपाशी खारूचं टेबल. शेजारी एक तरुण बसतो, त्याचं काम दुसऱ्यांनी केलेलं मोडून दाखवायचं. म्हणजे ॲप वेड्यावाकड्या पद्धतीने वापरायचं आणि कुठे बिघडतं ते सांगायचं. त्याला सगळे तोडफोडे म्हणतात. हे आडनाव नव्हे, पण आता त्याची आईसुद्धा फोन करून ‘तोडफोडे आहेत का’ असं विचारते म्हणे. मला पाहून तो उठला, खुर्ची दिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “या, बाईमावशी.” खारूने आधीच सांगून ठेवलेलं असणार.

पहिला मणी अगदीच बेकार होता. बोट जाईल तिथे जायचा, बोट थांबलं की थांबायचा. मी म्हटलं, हा मणी नाही, ही बोटाला चिकटलेली टिकली आहे. खारूने मान डोलावली आणि तो परत टाइप करायला लागला. दुसऱ्या खेपेला मणी सुटल्यावर पुढे गेला, पण शेजाऱ्याच्या अंगातून आरपार. तिसऱ्या खेपेला शेजाऱ्याला लागला आणि चेंडूसारखा उडाला. तोडफोडे म्हणाला की ह्याला मोजायला नको, ह्याला खेळायला मैदान द्या.

मग मी आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागले. माझा फोन जुनापुराणा, त्याच्यावर काही चालत नसे, म्हणून खारू आपलाच फोन माझ्या हातात देई. मी डोळे मिटून मणी सरकवत असे. डोळे उघडे असले की रंग मध्ये येतात. ‘हलका आहे,’ मी म्हणे. तो एक आकडा बदले. ‘आता जड झाला. ओल्या लाकडाचा वाटतोय.’ तो परत बदले. आवाजाचं तर वेगळंच प्रकरण झालं. टक् आवाज मिळवायला त्याने ऑफिसातले सगळे चमचे, पेनं, बटणं एकमेकांवर आपटून पाहिली. शेवटी खालच्या दुकानातले कोटांचे दोन लाकडी हँगर एकमेकांवर हलकेच आपटले तेव्हा तो आवाज मिळाला. दुकानदाराला वाटलं आम्हाला कोट धुवायचेत.

आणि एका सकाळी मणी आला. मी डोळे मिटून ढकलला, तो गेला, शेवटी जरा मंदावला, शेजाऱ्याला लागला आणि केसभर मागे आला. माझ्या नाकात खडूचा वास आला, खोटं नाही सांगत. खिडकीखालचा उन्हाचा चौकोन, त्यात पाय पसरून बसलेली मुलं, सगळं आलं. मी डोळे उघडले तर खारू माझ्याकडेच पाहत होता. तो हळूच म्हणाला, “बाई.” मावशी नाही, नुसतं बाई.

चाचणीच्या दिवशी आम्ही चौघं बालशाळेत गेलो. मॅडम, खारू, तोडफोडे आणि मी. सतरंजी घातलेली स्वच्छ खोली, भिंतीला मुलांच्या उंचीवर लावलेल्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक छोटी पिशवी. ऑफिसने चाचणीसाठी नवे कोरे टॅब आणले होते. तिथेच खोक्यातून काढले, ॲप चढवलं आणि मुलांच्या पुढे ठेवले. त्यांच्या बाईंनी सांगितलं, सात मणी डावीकडे न्या पाहू.

मुलांनी बोटं लावली आणि मणी निघाले. पण कसे निघाले? झोपेतून उठल्यासारखे. ढकलला की मणी रमतगमत, वाटेत कुणाची विचारपूस करत असल्यासारखा जाई आणि कधीतरी एकदाचा टक् वाजे. मी खारूकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. एका मुलाने मण्याला ‘चल ना रे’ म्हणून आणखी दोनदा ढकललं. दुसऱ्याने त्यांच्या बाईंना विचारलं की ह्याचे पाय दुखतात का. तिसरा टॅब सोडून त्याच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसला आणि तिथे मात्र फार रमला. मॅडम हाताची घडी घालून पाहत होत्या.

काय झालं ते तोडफोडेला सगळ्यांत आधी कळलं. त्याने एक टॅब उचलला, त्याची सेटिंग उघडली आणि कपाळाला हात लावला. मग तो खारूच्या कानात बोलला आणि खारूने मान खाली घातली.

प्रकार असा होता. फोनमध्ये एक आतली सेटिंग असते. ती बदलली की स्क्रीनवरचं सगळं हलणं निम्म्या वेळात उरकतं. ही ॲप करणारी माणसं तीच ती स्क्रीन दिवसातून असंख्य वेळा उघडतात, त्यांना तेवढा धीर नसतो. त्यामुळे ऑफिसात रीतच पडली होती की नवा माणूस आला की आधी चहा आणि मग त्याच्या फोनची ही सेटिंग अर्ध्यावर. वर्षानुवर्षं सगळ्यांचे फोन तसेच. इतकं अंगवळणी पडलं होतं की अशी काही सेटिंग आहे हेच सगळे विसरून गेले. खारूने आणि मी मिळून मण्याची चाल बसवली ती त्याच्या घाईच्या फोनवर. कोऱ्या टॅबवर तोच मणी दुप्पट वेळ घ्यायला लागला.

खारूने मॅडमकडून थोडा वेळ मागून घेतला. त्या बरं म्हणाल्या. तो लॅपटॉप घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. तिथे मुलांच्याच खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर तो बसला तेव्हा त्याचे गुडघे कानाला लागले.

मी आत मुलांपाशीच राहिले. काही मुलांनी अजून टॅब सोडले नव्हते. मी सवयीने त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले, कारण मूल मोजतं आहे की नुसतं ढकलतं आहे हे हातावरून कळत नाही, ओठांवरून कळतं. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने मणी ढकलला आणि ती म्हणाली, “एऽऽक.” मणी पोहोचेपर्यंत तिने तो एक लांबवला. टक् वाजलं तेव्हा थांबली. मग दुसरा ढकलला. “दोऽऽन.” तिच्या शेजारचाही तेच करायला लागला. दोघं सातवर येऊन थांबली आणि एकमेकांकडे पाहून खुदकन हसली.

माझ्या वर्गातली चौकट मी इतकी वर्षं पाहिली. तिथे काय व्हायचं? मूल तोंडाने पाच म्हणे तेव्हा बोट तिसऱ्या मण्यावर असे, नाहीतर तळहाताने सगळे मणी एकदम लोटून ‘झालं’ म्हणे. मी मागे बसून त्यांचं मनगट हलकेच धरत असे, ‘थांब, आधी ह्याचं नाव घे, मग पुढचा.’ एका वेळी एकच मनगट धरता येई. इथे कुणाचंच धरावं लागत नव्हतं.

खारू परत आला. त्याने दुरुस्त केलेले टॅब मुलांच्या पुढे ठेवले. मणी आता आमच्या चौकटीतल्यासारखे सरकले, अगदी तसेच. खोक्यातला मुलगासुद्धा बाहेर आला. टकटक टकटक असा नुसता पाऊस पडला, मुलं खिदळली आणि तळहाताने ओळीच्या ओळी लोटायला लागली. त्यांच्या बाईंनी सात मणी मागितले तर कुणी सहा दिले, कुणी नऊ, एकाने सगळे. खारूचा चेहरा फुलला होता. मुलं रमली होती ना.

मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “तुम्ही दोन्ही पाहिलंत. तुम्ही सांगा, कुठलं ठेवायचं?”

मला खारूकडे न पाहता उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी त्याच्याकडे पाहूनच सांगितलं. “मजा ह्याच्यात आहे. मोजणं मघाच्या हळू मण्यांत होतं.”

“म्हणजे माझी चूक ठेवायची?” खारूने विचारलं.

मॅडमनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या की मणी राहतील, बटणं नकोत, पण राहतील ते हळू. खारू जिंकला होता आणि त्याला तसं वाटत नव्हतं.

परतल्यावर ऑफिसचा जिना चढताना तो एकदम थांबला आणि माझ्याकडे वळून हसला. दोन्ही दात दिसले. म्हणाला, मावशी, अगं, मुलांच्या फोनवर हळू चालेल. पण आपल्या ऑफिसातल्या फोनवर तोच मणी जुन्यासारखाच सरकणार. सेटिंग अर्ध्यावरच आहे ना. मलाही बरं वाटलं. जगाला हळू मणी मिळाला आणि आमची चौकट आमच्यापाशी राहिली.

ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तोडफोडे खारूच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि मान खाजवत राहिला. त्याला खरं तर वाईट बातमी सांगायची रोजची सवय. शेवटी म्हणाला की काही आईवडिलांच्या फोनवर ह्याच सेटिंगने सगळं हलणं पूर्ण बंद केलेलं असतं. कुणाला हलत्या चित्रांनी गरगरतं, कुणाचा फोन जुना असतो म्हणून. तिथे मणी सरकणारच नाही. बोट लावलं की इकडून गायब आणि तिकडे हजर. ते पोर काय मोजणार? ह्यावर उपाय एकच. मण्याला स्वतःचं घड्याळ द्यायचं. फोनची सेटिंग काहीही म्हणो, मण्याने ऐकायचं नाही. गरगरणाऱ्यांसाठी मोठ्यांच्या पानावर वेगळं बटण देता येईल.

खारूला पुढचं सांगावं लागलं नाही. मण्याने फोनचं ऐकायचं नाही म्हणजे त्याच्याही फोनचं ऐकायचं नाही.

तोडफोडे खाली पाहून म्हणाला, “मी हे पाहिलंच नाही असं धरता येईल. कुणी विचारणार नाही.”

खारूने फोन हातात घेतला, मणी इकडून तिकडे केला. मी त्याला काही सुचवलं नाही. शिकवण्याच्या कामात हे एक फार उशिरा जमतं, तोंड मिटून बसणं. तो म्हणाला की जुन्या कोडची एक प्रत बाजूला काढून ठेवता येईल म्हणा. मग स्वतःच म्हणाला, पण जी गोष्ट कुणी वापरत नाही तिला नव्या फोनवर चालती ठेवायला कोण बसतंय? दोन-तीन वर्षांत ती उघडायचीसुद्धा नाही. तोडफोडेने मान हलवली. तो हळूच आपल्या जागेवर गेला आणि उगाचच कपाटातल्या वायरी गुंडाळायला लागला.

“मावशी,” खारू म्हणाला, “एकदा हलवून घे.”

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. दुपारची वेळ होती, खालून वाफेचा वास येत होता. मी एकेक मणी सरकवला. मग आयुष्यभर ज्याला नको नको म्हटलं तेच केलं. पंजा उघडून अख्खी ओळ लोटली. टकटक करत सगळे मणी पलीकडे जाऊन भिडले. खारूने फोन घेतला आणि त्याने परत अलीकडे लोटली. आम्ही असं किती वेळ केलं कुणास ठाऊक. मॅडम एकदा केबिनच्या दारात आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि दार लोटून परत आत गेल्या.

मग त्याने फोन वायरीला जोडला आणि टाइप करायला लागला. फार मोठं काम नव्हतं. मी शेजारी बसून होते. टाइप करून झाल्यावर त्याने एकदा वाचलं, मग ते फोनवर चढवलं आणि आम्ही दोघं पाहत राहिलो.

“झालं का?” तोडफोडेने तिकडून विचारलं. तो वायरी टाकून आला आणि खारूच्या खांद्यावरून वाकून पाहायला लागला. खारूने एका बोटाने मणी ढकलला आणि हात मागे घेतला. मणी निघाला, आपल्या चालीने, कुणाचीही घाई मनावर न घेता. अर्ध्या वाटेत आला तसं तोडफोडेने सवयीने दुसरा मणी ढकलायला बोट पुढे केलं.

खारूने त्याचं मनगट हलकेच धरलं.

“थांब,” तो म्हणाला. “पोहोचू दे त्याला.”